मागे जोडलेलं घर

३ मे, क्वार्ट्झसाइट, अ‍ॅरिझोना

ट्रेलर ताब्यात घेतला. उद्या सकाळी निघायचं. मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला, बेमिजीजवळ, डॅरेल टॉलफसन नावाच्या माणसाच्या अंगणात नेऊन सोडायचा आहे.

फीबीला फोन केला नाही. बहीण असली तरी रोज तेच ऐकायचं म्हणजे कंटाळा येतो. तिचं म्हणणं, ट्रक विकून टाक, ज्या सीटवर नवरा गेला तिथे तुला बसवतं तरी कसं. लायल नोव्हेंबरात गेला. नेब्रास्कातल्या एका डिझेल पंपावर, पट्टा लावलेला, इंजिन चालू. पंपावरच्या मुलीला वाटलं, दमून झोपलाय. फीबीला मी सांगितलं, चालवायला दुसरी सीट नसते.

लायल जन्मभर लोकांचे ट्रेलर या टोकाहून त्या टोकाला पोचवायचा. उन्हाळ्यात मी बरोबर असायचे आणि मोकळ्या रस्त्यावर चालवायचेही. घाट, वारा आणि मागे घेणं मात्र त्याच्याकडे. आता सगळंच माझ्याकडे.

किल्ली शेजारणीकडे होती. हॅरिएट तिचं नाव, काखेत कुत्रं, पायात सपाता. ट्रेलर कुणाचा विचारलं तर म्हणाली, "नॉर्व्हल आणि आर्डिसचा. हिवाळा आला की दोघं इथे हजर. नॉर्व्हल मार्चमध्ये गेला, इथेच, आपल्या बिछान्यात. आणि आर्डिस पण गेली परवा."

"इतक्या लागोपाठ?"

"एकटी कशी राहणार ती? मुलगा आला होता तिचा. काय रडली गं जाताना, मला बघवेना."

मरताना रडणारी माणसं मी पाहिलेली नाहीत, पण सगळं मी कुठे पाहिलंय.

आतून ट्रेलर लख्ख. हुकाला दोन कप, बिछाना ताणून घातलेला, पडदे धुतलेले. कपाटं उघडून पाहिली, गॅस बंद केला, छताचा झरोका लावला. मग ट्रक मागे घेतला. तिसऱ्या खेपेला ट्रकच्या मागचा जोडणीचा गोळा बरोबर खाली आला आणि ट्रेलर त्यावर बसला. साखळ्या तिरक्या अडकवल्या, दिव्यांची तार जोडली, दोनदा तपासलं. हॅरिएट हात हलवत होती. माझ्याकडे बघून नव्हे, ट्रेलरकडे बघून.

४ मे, हॉलब्रुक

चढ चांगला निभावला. फ्लॅगस्टाफपर्यंत इंजिन एकसुरात गुरगुरत होतं. डिझेलचा तो आवाज पायातून वर येतो, तेव्हा जरा धीर येतो.

एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल. ट्रकच्या मधल्या आरशातून मागची काच दिसते आणि काचेपलीकडे ट्रेलरची पुढची खिडकी. तिचा पडदा मी सकाळी बंद केला होता. विन्स्लोच्या अलीकडे बघते तर तो एका बाजूने थोडा उघडा, कुणी बोटाने सारून बाहेर बघावं तेवढा. पुन्हा बघितलं तर बंद. हादऱ्याने पडदे हलतातच.

पण इथे येऊन दार उघडलं तर छताचा झरोका सताड उघडा. तो मी स्वतः फिरवून बंद केला होता. नसेल केला? लायल असता तर म्हणाला असता, "नायले, तुझं लक्ष कुठे असतं?" एवढ्या वाऱ्यात तो उखडून गेला नाही हे नशीब. पुन्हा लावला. लावताना उगाच वाटलं की मागे कुणीतरी श्वास धरून उभं आहे. वळून बघितलं, फक्त बिछाना.

डॅरेलचा फोन आला. आवाजावरून माणूस रात्रभर झोपलेला दिसत नाही.

मी म्हटलं, "तुमच्या आईचं कळलं. वाईट वाटलं."

तो जरा थांबून म्हणाला, "हो. सगळे तसंच म्हणतात. पण खरं सांगू का, आम्हाला झेपत नव्हतं. बायकोची नोकरी, माझी पाठ. दुसरा इलाज नव्हता."

हे काय बोलणं झालं? मी म्हटलं, देवाची मर्जी.

मग त्याने विचारलं, "तुम्ही ट्रेलर घेतलात तेव्हा तिथे कुणी आलं होतं का? कुणी म्हातारं माणूस वगैरे?"

"नाही. शेजारीण होती फक्त."

"कुणी दिसलं तर मला लगेच कळवा. काय वाटेल ते झालं तरी."

कसला जीव अडकलाय त्याचा या पत्र्यात. आईला जाऊन आठवडासुद्धा झाला नाही.

५ मे, गॅलपच्या पुढे

वारा. दिवसभर आडवा वारा. हातांना स्टिअरिंगचा आकार आलाय. कॉफी लायलच्या कोटावर सांडली. थंडीत मी तोच घालते. नळावर धुतला आणि ट्रेलरमध्ये न्हाणीच्या दाराला वाळत टाकला. त्याच्या डाव्या बाहीची शिवण कधीची उसवलीय. लायल म्हणायचा राहू दे, हवा जाते.

मी ट्रकच्या मागच्या सीटवर झोपते. लोकांच्या बिछान्यात झोपायचं नाही हा लायलचा नियम. खरं म्हणजे नियम नसता तरी मी आत झोपले नसते.

६ मे, लास व्हेगास (न्यू मेक्सिकोमधलं, जुगाराचं नव्हे)

कोटाची बाही शिवलेली आहे.

कॉफी घेऊन आले आणि पुन्हा बघितलं. बारीक, एकसारखे टाके, शेवटी गाठ आतल्या बाजूला लपवलेली. मला असं शिवता येत नाही. लायलने तर जन्मात सुई धरली नाही. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली माझ्या गळ्यात होती.

भर दुपारची वेळ. विश्रांतीच्या थांब्यावर पाचसहा गाड्या, एक बाई मुलांना सँडविच देत होती, एक म्हातारा टायरांना लाथा मारून बघत होता. वारा पूर्ण पडलेला. मी बाहेर उभी राहून ट्रेलरकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत तो एका अंगाने किंचित खाली बसला. मग थांबला. मग दुसऱ्या अंगाने, बिछान्याच्या बाजूला, हळूच बसला. आत माणूस चालतं तेव्हा ट्रेलर असाच बसतो. ज्याने कधी ट्रेलर ओढलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

टायरवाल्या म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्हाला हा हलताना दिसला का?"

तो म्हणाला, "स्प्रिंगा जुन्या झाल्या असतील, बाई. गरम झाल्या की बोलतात."

मी हसले. मग शूरपणा करून दार उघडलं. आत कुणी नाही. सगळं जागच्या जागी. दालचिनीचा बारीक वास. मी कपाटात डोकावले, न्हाणीत डोकावले. बिछान्याची चादर जराशी चुरगळलेली वाटली म्हणून वाकले, पण हात लावायचं धाडस झालं नाही. बाहेर येऊन कुलूप लावलं आणि त्या सँडविचवाल्या बाईच्या जवळ जाऊन उगाच उभी राहिले.

७ मे, ट्रिनिडाड, कोलोरॅडो

आज मरता मरता वाचले. रॅटनचा घाट चढताना काही वाटलं नाही. उतारावर इंजिनाचा ब्रेक लावून हळूहळू येत होते, तेवढ्यात एका वळणावर वाऱ्याचा झोत आला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडं, मग जोरात. तो डावीकडे गेला की ट्रकचं मागचं अंग उजवीकडे ओढलं जायचं. खाली दरी. पाय आपोआप ब्रेककडे जात होता आणि लायल शंभरदा सांगायचा की तेवढं करू नकोस, ट्रकला ब्रेक मारलास की तो तुला पुढे ढकलून आडवा करेल. हाताने फक्त ट्रेलरच्या ब्रेकचा खटका दाब. मी दाबला. स्टिअरिंग सरळ धरलं. आरशात बघितलं.

पुढच्या खिडकीत पांढरे केस दिसले. पडद्याला धरलेला एक हात. लगेच नाहीसे झाले.

ट्रेलर हळूहळू माझ्या मागे ओळीत आला. पायथ्याशी थांबले. उतरून साखळ्या, गोळा, टायर सगळं तपासलं. मग आत गेले. हुकाला एकच कप. दुसरा कचऱ्याच्या डब्यात होता, फुटलेला, तुकडे गोळा करून कागदात गुंडाळून ठेवलेले. जमिनीवर एक कणसुद्धा नाही.

मी बाकावर बसले आणि रडले. भीतीने नाही, असं वाटतं. घाट मी एकटीने उतरले म्हणून असेल. किंवा एकटीने उतरले नाही म्हणून.

मग मी मोठ्याने म्हणाले, "आर्डिसबाई, तुम्ही आहात हे मला कळलंय. तुमचं घर आहे, राहा. मी तुमच्या मुलाकडे पोचवते तुम्हाला. फक्त मला गाडी चालवताना घाबरवू नका."

काही उत्तर आलं नाही. पण मला जरा बरं वाटलं.

८ मे, नेब्रास्काच्या हद्दीत

फीबीला हे कळलं तर ती मला डॉक्टरकडे नेईल. म्हणून इथेच लिहिते.

काल संध्याकाळी एका खानावळीतून चेरी भरून भाजलेला गोड पाय घेतला, एक तुकडा खाल्ला, दुसरा ट्रेलरच्या टेबलावर ठेवला. आज सकाळी ताटली धुऊन पालथी घातलेली. आईकडे शेतावर राहत असताना, बायका मेलेल्यांसाठी ताट वाढतात असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आमच्याकडे असलं काही नव्हतं. पण मेलेल्या माणसालाही ताटली धुण्याइतपत वळण असतं, हे बरं आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी आता तिथेच बसते. बोलते. सुरुवातीला हवापाण्याचं, डिझेलचं, रस्त्यावरच्या मूर्ख लोकांचं. आज लायलबद्दल बोलले. कुणाशी इतकं बोलले नव्हते. फीबीशी बोलायला जावं तर ती मान हलवत राहते आणि मग म्हणते, तू जेवत नाहीस नीट.

तो पंप आज लागला. मी थांबले नाही, पण वेग आपोआप कमी झाला. पुढे जाऊन थांबले आणि ट्रेलरमध्ये जाऊन म्हणाले, "तुम्ही आता तिकडच्या आहात. कधी भेटला तर त्याला एवढंच विचारा. शेवटी भीती वाटली का? एकटाच होता तो. कुणी हात धरायला नव्हतं. एवढंच मला कळायला हवंय, बाकी काही नाही."

बिछान्याकडून एक आवाज आला. लाकूड करकरतं तसा. किंवा माणूस नाकाने श्वास ओढतं तसा.

डॅरेलचे दोन फोन येऊन गेले, मी घेतले नाहीत. त्या माणसाशी काय बोलायचं? ज्याला आईच्या जाण्याने हायसं वाटतं.

१० मे, व्हॅलेंटाइन, नेब्रास्का

काल लिहिलं नाही. आज सगळं लिहिते, जसं झालं तसं.

काल दुपारी वाळूच्या टेकड्यांमध्ये होते. तिथे तासन् तास घर दिसत नाही. नुसतं गवत, आणि गवतावर ढगांच्या सावल्या. रस्त्याच्या कडेला खडीची जागा होती, पलीकडे मोडकी पवनचक्की. पाती फिरत नव्हती, तरी किरकिर ऐकू येत होती. मी ताटली घेऊन ट्रेलरपाशी गेले, कुलूप काढलं, पायरीवर पाय ठेवला.

आतून हाक आली, "नायला. थांब जरा. घाबरू नकोस."

बाईचा आवाज, कोरडा, वापरात नसलेला. माझं नाव तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ताटली हातातून पडली. पुढचं मी केलं की माझ्या हातापायांनी केलं, सांगता येत नाही. दार लोटलं, ट्रकमध्ये बसले आणि निघाले. नीट बघितलंही नाही. खडीवरून ट्रेलर आदळत वर आला, मागे काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज झाला. थोडं पुढे गेले आणि मग कळलं, पळून काय उपयोग, ज्याच्यापासून पळायचं तेच मागे जोडलेलं आहे.

म्हणून तिथेच, एका शेताच्या फाटकापाशी, ट्रेलर सोडून द्यायचं ठरवलं. चाकांना ठोकळे लावले. पुढचा टेकू खाली सोडला, तो फिरवताना हात घामाने निसटत होता. तार काढली, साखळ्या काढल्या, गोळा सोडवला. हे सगळं ट्रेलरच्या पुढच्या खिडकीखाली उभं राहून करावं लागतं. मी मान वर केली नाही. आतून एक शब्द आला नाही. मघाच्या हाकेपेक्षा ते जास्त वाईट होतं.

ट्रक मोकळा सुटला आणि असा हलका झाला की मला गरगरल्यासारखं वाटलं. ऊन कडक होतं. मी एकदाही मागे बघितलं नाही.

पुढच्या गावात एक खानावळ होती. मी बसले तर वाढणारी मुलगी, जोलीन, माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही पांढऱ्याफटक पडलात. साखर घालून चहा आणू?" तिच्या वयाच्या मुलीला मी काय सांगावं, पण सांगितलं. सगळंच सांगितलं. पडदा, झरोका, बाही, कप, चेरीचा पाय.

ती टेबल पुसत ऐकत होती. म्हणाली, "थांबा. चेरीचा पाय खाल्ला?"

"पूर्ण. ताटली धुतली."

"आणि झरोका कधी उघडायची? ऊन असताना?"

"हो."

ती फडका हातात धरून उभी राहिली. "बाई, माझी आजी भुतं बघायची, मला माहीत आहे त्यांचं. त्यांना उकडत नाही. आणि ती पाय खात नाहीत."

मला ते शब्द समजायला वेळ लागला. मग मी डॅरेलला फोन लावला.

"तुमची आई कधी वारली?" मी विचारलं.

"वारली?" तो म्हणाला. "कोण म्हणालं वारली? आईला आम्ही फिनिक्सच्या वृद्धाश्रमात ठेवलं. दुसऱ्याच दिवशी ती तिथून निघून गेली. पोलीस शोधतायत. मी इथे फोनपाशी बसून आहे. तुम्हाला काय सांगणार होतो, की आई सांभाळता आली नाही आणि आता सापडत पण नाही? बाई, तुम्ही असं का विचारताय?"

मी त्याला सांगितलं ट्रेलर कुठे आहे. सांगता सांगता पार्किंगमध्ये पोचले होते. जोलीन पाण्याची बाटली आणि बर्फाची पिशवी घेऊन माझ्या मागे पळत आली आणि दोन्ही खिडकीतून आत टाकलं.

परत जाताना मी काय काय कबूल केलं देवाला, ते लिहीत नाही. त्या पत्र्याच्या डब्यात दुपारी काय होतं मला माहीत आहे. झरोका त्या दिवशी सकाळी मीच लावला होता, घट्ट पिळून.

टेकडी ओलांडली आणि ट्रेलर दिसला. दार उघडं होतं. सावलीच्या बाजूला, पायरीवर, एक लहानशी बाई बसली होती. पांढरे केस, पुरुषी सदरा, एक पाय लांब सोडलेला, घोटा सुजून टम्म. गवताकडे बघत होती. मी ट्रक थांबवला तरी तिने मान वळवली नाही. क्षणभर वाटलं, उशीर झाला.

मग ती म्हणाली, "आलीस? मला वाटलं आता गाई येतील आधी."

मी तिच्या पायाशी बसले आणि बाटली तिच्या तोंडाला लावली. ती सावकाश प्यायली, मग बर्फ हातात घेऊन मानेवर धरला.

मी म्हटलं, "मी तुम्हाला सोडून गेले."

"गेलीस. मी पण किती दिवस तुला घाबरवलं. सांगणार होते. दर थांब्याला वाटायचं आज सांगू. मग तू येऊन बोलायला लागायचीस, आणि मी बिछान्याच्या खालच्या पेटीत पडून ऐकत राहायचे. तुझं नावही तसंच कळलं."

"तिथे जागा आहे?"

"नॉर्व्हलच्या मासे धरायच्या काठ्या होत्या. डॅरेलने त्या नेल्या, मला जागा झाली." ती हसली, खोकली. "हॅरिएटने मला आश्रमाच्या दारातून उचललं. गाडीत बसून म्हणाली, आर्डिस, तू वेडी आहेस. आणि सरळ माझ्या ट्रेलरमध्ये आणून सोडलं."

तिला ट्रकमध्ये बसवलं, पुढच्या सीटवर, आणि एसी सुरू केला. ती बराच वेळ डोळे मिटून होती. मी पुन्हा सगळी जोडणी केली. आत येऊन बसले तेव्हा ती म्हणाली, "तुझा निरोप मात्र राहिला हां. मी काही तिकडे पोचले नाही."

मी तिचा पट्टा लावून दिला.

"पण नॉर्व्हलचं सांगते," ती म्हणाली. "त्याचा हात धरून बसले होते मी. त्याला भीती वाटली नाही. त्याला फक्त बूट काढून हवे होते. मी काढले. मग म्हणाला, आता बरं. एवढंच झालं. तुझ्या लायलचं मला माहीत नाही, पोरी. पण एवढंसंच काहीतरी असतं ते, असं मला वाटतं."

मी इंजिन सुरू केलं नव्हतं. बाहेर ती पवनचक्की पार मागे राहिली होती, तरी किरकिर ऐकू येत होती.

"नॉर्व्हल गेल्यापासून सगळे माझ्या डोक्यावरून बोलायचे," ती पुढे म्हणाली. "डॅरेल, त्याची बायको, डॉक्टर. मी खुर्चीत बसलेली असायचे आणि ते म्हणायचे, हिला हे झेपेल का, हिला ते कळतं का. तू मला मेलेली समजून बोललीस. जिवंत समजून इतकं कुणी बोललं नव्हतं."

इथल्या दवाखान्यात घोटा मोडला नाही म्हणाले, मुरगळलाय. पाणी कमी झालं होतं, ते चढवलं. आज ती माझ्या शेजारच्या खाटेवर झोपलीय. डॅरेलशी फोनवर तिने बोलायला नकार दिला. त्याला एवढंच कळवायला सांगितलं की ट्रेलर पोचतोय आणि ती ट्रेलरच्या आत राहते.

१२ मे, बेमिजीजवळ

ती पुढच्या सीटवर, मी चालवते, मागे तिचं घर. पूर्ण डाकोटा ओलांडेपर्यंत ती बोलत होती. मधे मधे आरशात बघायची. एकदा म्हणाली, "हळू घे वळण, तो बसलाय तिकडे." कोण, हे मी विचारलं नाही. वळण हळू घेतलं.

डॅरेल रस्त्यावरच येऊन उभा होता. मी त्याला मनात जाडा, उद्धट माणूस करून ठेवला होता. तो निघाला वाळका, डोळे सुजलेला, एका हाताने पाठ धरलेला. आई खाली उतरली तेव्हा त्याने तिला मिठी मारायला हात पुढे केले आणि मग मधेच थांबला, हक्क आहे की नाही कळत नसल्यासारखा.

"आई, तू मेली असतीस," तो म्हणाला.

"बसून बसून पण मेलेच असते," ती म्हणाली. "दाढी कर. बापासारखा दिसतोयस." आणि तिने त्याच्या गालावर हात ठेवला. मग तो रडला. मी ट्रकच्या साखळ्या उगाच पुन्हा पुन्हा बघत राहिले.

त्यांचं बोलणं अंगणात बराच वेळ चाललं. त्याची बायको बाहेर आली, आत गेली, कॉफी घेऊन पुन्हा बाहेर आली. शेवटी ठरलं की ट्रेलर झाडाखाली, घराच्या खिडकीसमोर उभा करायचा, वीज आणि पाणी घरातून जोडायचं. बर्फ पडेपर्यंत आर्डिस त्यात राहील. पुढचं पुढे. डॅरेल म्हणाला, "आणि रोज सकाळी मी येऊन बघणार." ती म्हणाली, "येऊन बस. बघू नकोस."

झाडाखाली मागे घेणं अवघड होतं, दोन्हीकडे बुंधे. एकदाच प्रयत्न केला आणि तो बरोबर बसला. लायलला दाखवायला हवं होतं.

चाकांना ठोकळे लावले, टेकू सोडला. आर्डिस काठी टेकत दारापाशी गेली. कुलूप मी काढून ठेवलं होतं. तिने दार उघडलं नाही. आधी बोटांनी दोनदा वाजवलं आणि थांबली.

मी म्हटलं, "आत कुणी नाही, आर्डिसबाई."

"माहीत आहे," ती म्हणाली. तरी ती थांबलीच, मान जरा कलती करून, आतून कुणीतरी उठून कपडे सारखे करत असावं तशी. मग समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि आत गेली. डॅरेलने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पडद्यामागे दिवा लागला.

१५ मे, गोशेन, इंडियाना

घरी पोचले. मोकळा ट्रक घेऊन येताना आरशात फक्त रस्ता दिसतो, सरळ, रिकामा. बघायची सवय गेली नाही. इलिनॉयपर्यंत दर थोड्या वेळाने नजर जायची.

फीबीचा फोन येऊन गेला होता. मी फोन केला आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यात टेक्सासला जाते, एका जोडप्याचा ट्रेलर न्यायचा आहे. तिने ट्रकचा विषय काढला नाही. मग म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हटलं, जेवले. खरंच जेवले होते.

संध्याकाळ होत आली होती. ट्रक दारात लावला, इंजिन बंद केलं. नोव्हेंबरपासून या घरात मी मागच्या दाराने येते, स्वयंपाकघरातून, पटकन, दिवे लावत. आज पुढच्या दाराशी गेले. किल्ली हातात होती. पण आधी दार वाजवलं, दोनदा, बोटांनी.

आणि थांबले. घाई केली नाही.